फळ्यासमोरची पंचेचाळीस मिनिटे

संगणक अभियंत्यांच्या मुलाखती घेण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्यात सर्वांत अवघड क्षण कोणता असतो, तर समोरचा उमेदवार गप्प होतो तो. गुणपत्रिका उत्तम असते, प्रकल्प त्याने स्वतः केलेला असतो. आम्ही एक प्रश्न देतो. तो प्रश्न वाचतो, फळ्याकडे पाहतो आणि काही बोलतच नाही. एक मिनिट जाते, तीन जातात. त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे आम्हाला दिसत नाही. कदाचित तो उत्तराच्या अगदी जवळ आलेला असतो, पण न दिसलेल्या विचाराला गुण कसे द्यायचे?

घरी आल्यावर हाच मुलगा चहा पिता पिता तो प्रश्न दहा मिनिटांत सोडवतो आणि कपाळावर हात मारून घेतो. आईवडिलांना वाटते, पोराचा अभ्यास कमी पडला. बहुतेक वेळा तसे नसते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०२० मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांना फळ्यावर सोडवण्यासाठी प्रश्न दिला. काहींसमोर मुलाखतकार बसला होता आणि त्यांनी मोठ्याने बोलत सोडवायचे होते. बाकीच्यांना खोलीत एकटे सोडले. ज्यांच्याकडे कोणी पाहत होते, त्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. संख्या लहान होती, हे खरे. पण मुलींच्या बाबतीतला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या मुली उत्तीर्ण झाल्या, तर पाहणाऱ्यासमोर सोडवणारी एकही झाली नाही.

म्हणजे या मुलाखतीत ज्ञानाइतकीच, कधी कधी त्याहून जास्त, धास्तीची परीक्षा होते. ही पद्धत सदोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्याची मुलाखत उद्या सकाळी आहे, त्याला माझ्या मताचा काय उपयोग? त्याने काय करावे, ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा, प्रश्न असा आहे: अकारविल्हे लावलेल्या यादीतून एक नाव शोधा. हजार नावांची मतदार यादी डोळ्यांपुढे आणा. पहिल्या नावापासून एकेक पाहत जाणे, हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे यादी मधोमध उघडायची. हवे असलेले नाव त्या आधी येणार की नंतर, हे ठरवायचे आणि उरलेला अर्धा भाग सोडून द्यायचा. असे अर्धे अर्धे करत गेलो, तर हजार नावांत जास्तीत जास्त दहा वेळा पाहावे लागते आणि दहा लाख नावांत वीस वेळा. यालाच बायनरी सर्च म्हणतात.

ऐकायला किती सोपे! ही पद्धत १९४६ मध्ये प्रथम मांडली गेली, पण कोणत्याही लांबीच्या यादीवर बिनचूक चालेल अशी कृती छापून यायला पुढे दहा वर्षांहून अधिक काळ गेला. जॉन बेंटली या नामवंत संगणकतज्ज्ञाने व्यावसायिक प्रोग्रामरांना हाच प्रश्न द्यायला आणि दोन तास द्यायला सुरुवात केली. दहातल्या नऊ जणांच्या उत्तरात चुका निघत. पुढची गंमत ऐका. जावा या भाषेबरोबर मिळणाऱ्या तयार प्रोग्रामातही चूक होती. मधला क्रमांक काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून ती निम्मी करायची, एवढेच गणित. पण यादी अतिप्रचंड असेल, तर ती बेरीज संगणकाने त्या संख्येसाठी राखलेल्या जागेत मावत नाही आणि उत्तर चक्क ऋण येते. ही चूक सुमारे नऊ वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे सांगितली, आणि तो प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला होता.

तेव्हा पंचेचाळीस मिनिटांत निर्दोष उत्तराची अपेक्षा शहाणा मुलाखतकार करत नाही. तो तुमची चाल पाहतो. आधी विचारा, ‘सर, यादी क्रमाने लावलेली आहे ना? रिकामी असू शकते का? एकच नाव दोनदा येईल का?’ हे प्रश्न विचारले म्हणून कोणी तुम्हाला अडाणी समजत नाही, उलट वहीत एक खूण होते. मग साधा, वेळखाऊ मार्ग बोलून दाखवा आणि तो वेळखाऊ का आहे, तेही सांगा. त्यानंतर सुधारणेकडे वळा. लिहून झाल्यावर पाच नावांची छोटी यादी घेऊन आपलाच प्रोग्राम ओळीओळीने चालवून दाखवा. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

अडलात, तर तसे सांगा. ‘मॅडम, मला दोन मिनिटे विचार करायला द्याल का?’ असे म्हणून घेतलेली शांतता वेगळी आणि न सांगता घेतलेली वेगळी. मुलाखतकाराने सूचना केली, तर ती धरा. आपलाच हट्ट चालवणारा हुशार उमेदवार पुढे सोबत काम करायला जड जाईल, असे आम्हाला वाटते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण थोडी निराळी असते. विचार मराठीत चाललेला असतो आणि तोंडाने इंग्रजी वाक्य जुळवायचे असते. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून ती गप्प राहतात आणि समोरच्याला वाटते, याला येत नाही. त्यांनी तुटक वाक्यांत बोलावे, फळ्यावर आकृती काढावी, बाण दाखवावेत. व्याकरणाचे गुण तिथे नसतात.

हल्ली ऑनलाइन मुलाखतीत कृत्रिम बुद्धिमत्तेकडून गुपचूप उत्तर मिळवण्याचा मोह अनेकांना होतो. ‘ही ओळ का लिहिली?’ एवढा एकच प्रश्न आला, की ते उघडे पडते.

सराव करताना मात्र एकट्याने दार लावून शंभर प्रश्न सोडवण्यापेक्षा वीसच सोडवा, पण कोणाला तरी समोर बसवून, मोठ्याने बोलत. मित्र नसेल, तर आईला किंवा धाकट्या बहिणीला बसवा. तिला प्रोग्रामिंग कळायची गरज नाही. तिने फक्त तुमच्याकडे पाहत राहायचे आणि तुम्ही गप्प झालात की विचारायचे, ‘आता काय करतोयस?’