कबरेवरचा दगड कोणाचा?

(आदिवासी सेवाकार्याच्या साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय सभेत सहसा कोणी काढत नाही. माणूस गेला की दफनविधीला आपण सगळे एकत्र येतो. वाद होतो तो नंतर, कबरेवर काय उभारायचे यावरून.

मेळघाटातल्या कोरकू समाजात मृताच्या स्मरणार्थ सागवानी लाकडाचा कोरीव फलक उभारण्याची जुनी रीत आहे. त्याला 'मुंडा' म्हणतात. त्यावर सूर्य-चंद्र कोरलेले असतात. त्या विधीला खर्च फार, म्हणून काही कुटुंबे वर्षानुवर्षे थांबतात.

काही वर्षांपूर्वी अशा एका घरात मी पाळकांबरोबर बसलो होतो. वारलेले आजोबा विश्वासी होते. थोरल्या मुलाला सिमेंटचा क्रूस हवा होता. आजोबांचे धाकटे भाऊ मुंड्यासाठी अडून बसले होते. शहरातल्या एका उपकारकर्त्यांनी संगमरवरी पाटीसाठी पैसे देऊ केले होते, पण पाटीवर खाली आपले नाव यावे ही त्यांची अट होती. सगळे तावातावाने बोलत होते. चुलीपाशी बसलेल्या आजीला मात्र कोणी विचारलेच नव्हते.

पाळकांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "क्रूस लावा, तो त्यांचा होता. मुंडा भावकीनं गावात त्याच्या जागी उभारावा, मी अडवणार नाही. पण कबरीवर दुसऱ्याचं नाव नको."

तसेच झाले. संगमरवर आला नाही, साधा लाकडी क्रूस उभा राहिला. मुंड्याला हरकत घेतली नाही म्हणून मंडळीतले काहीजण नाराज झाले. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण भावाला भावाची आठवण ठेवण्यापासून अडवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? याकोबानेही राहेलीच्या कबरेवर स्तंभ उभारला होता.

आता हक्कांचे. अब्राहामाने सारेला मूठमाती देण्याआधी 400 शेकेल रुपे मोजून जागा विकत घेतली. जागा आधी, दगड नंतर. आपल्याकडे दफनभूमी बहुधा मंडळीची किंवा ट्रस्टची असते. कुटुंबाला मिळते ती परवानगी. मुंबईत जागेच्या टंचाईमुळे तीच कबर काही वर्षांनी पुन्हा उघडतात. म्हणून कबर कायमची की मुदतीची, दगड केवढा चालेल, हे आधी विचारावे आणि लेखी घ्यावे.

खेड्यात तर जागेचाच प्रश्न असतो. छत्तीसगडमधल्या बस्तर भागातील एका ख्रिस्ती पाळकाचा मृतदेह गावात दफनाला विरोध झाल्यामुळे 2025 च्या जानेवारीत सुमारे 20 दिवस शवागारात राहिला. 27 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचेही जागेबाबत एकमत झाले नाही. अखेर दूरच्या करकापाल गावातील ख्रिस्ती दफनभूमीत दफनाचा आदेश झाला. ज्यांना स्वतःच्या गावात मूठभर माती मिळत नाही, त्यांच्यासाठी दगडाचा प्रश्न पुढचाच. म्हणून दफनभूमीची सरकारी नोंद करून घेणे हेही सेवाकार्यच आहे. कोणाच्या धर्मभावना दुखावण्याच्या हेतूने दफनभूमीत घुसणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली गुन्हा आहे, हेही आपल्या लोकांना सांगा.

घरासाठी चार गोष्टी सांगतो.

1. आपली इच्छा जिवंतपणी सांगा, जमल्यास लिहून ठेवा. रेव्हरंड टिळक 1919 मध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले. त्यांनी बोलून ठेवले नसते तर घरच्यांनी एवढा वेगळा निर्णय कसा घेतला असता?

2. पहिला शब्द विधवेचा किंवा विधुराचा. मग मुले, मग भावकी.

3. घाई नको. एक पावसाळा जाऊ द्या. माती बसते, मनेही बसतात.

4. दगडासाठी कर्ज काढू नका. नाव आणि तारखा त्यांच्याच भाषेत, शुद्ध लिहिल्या तरी पुरे.

आणि आपणा साहाय्यकांना एक विनंती. मदत जरूर करा, पण कबरेवर नाव फक्त गेलेल्या माणसाचे असू द्या. आपली देणगी देवाला ठाऊक आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.