अर्धं पाणी उतरायला

(उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, गांधीधाम येथे मंडळाच्या मंडपात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला व्यासपीठाची सवय नाही. मी डिप्लोमावाला माणूस. पंचवीसेक वर्षं रुळांच्या कडेने चालण्यात गेली, त्यामुळे बोलणं म्हणजे गँगला लांबून हाक मारणं एवढंच येतं. माइक नसता तरी चाललं असतं. सचिवांनी मला सांगितलं, "धिणोधरच्या ट्रेकवर बोला, तरुण मंडळींना पुन्हा जायचंय. फोटो असतील तर दाखवा." शिखरावरचा फोटो माझ्याकडे एकच आहे आणि तो मी दाखवणार नाही. का, ते ओघात येईलच.

धिणोधर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लांबून पाहिला असेल. भुज मागे टाकून नखत्राणाच्या बाजूला निघालं की सपाट रानात एकटाच उभा असलेला काळा डोंगर दिसतो. उंची सुमारे 386 मीटर. आपल्या नाशिक-पुण्याकडचा माणूस म्हणेल, एवढीशी टेकडी? मीही तेच म्हटलं होतं. पण सह्याद्रीत झाडी असते, टाक्यात पाणी असतं, वाटेत धनगरवाडा लागतो. इथे गांडो बावळ, थोर, गुगळाची झुडपं आणि दगड. सावली हवी असेल तर मोठा खडक शोधायचा आणि सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघायचं.

दगड मात्र ओळखीचा निघाला. आमच्या खात्यात खडी 65 ते 20 मिलिमीटरच्या चाळणीतून तपासून घेतात, त्यामुळे दगड दिसला की हात आपोआप जातो. काळा, जड, घट्ट. हा ज्वालामुखीतून आलेला खडक. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जी उलथापालथ होऊन आपला सह्याद्रीचा काळा पाषाण तयार झाला, तिच्याशीच याचं नातं आहे. म्हणजे हा डोंगरही आपल्यासारखाच, मूळ तिकडचं आणि वस्ती कच्छमध्ये! (हशा)

माथ्यावर धोरमनाथांचं छोटं घुमटीचं देऊळ आहे. आपल्याकडे श्रावणात नवनाथांची पोथी वाचतात, त्याच नाथपंथातले हे कानफाटे योगी. दंतकथा अशी की एका नगरीने भिक्षा नाकारली म्हणून त्यांनी रागाने शाप दिला आणि नगरी उद्ध्वस्त झाली. मग पश्चात्ताप झाला. तपाला बसायला डोंगर शोधू लागले. पहिल्याला पापाचं ओझं पेलवेना, दुसऱ्यालाही पेलवेना. शेवटी धिणोधरवर ते पाठमोरे चढले आणि बारा वर्षं डोक्यावर उभं राहून तप केलं. तप संपवून डोळे उघडले तेव्हा नजर उत्तरेच्या समुद्रावर पडली. समुद्र आटला आणि त्याचं रण झालं. रण पूर्वी समुद्राचाच भाग होतं आणि गाळाने भरत गेलं, हे शास्त्रही मान्य करतं. नजरेचं काय ते तुम्ही ठरवा.

आता आमच्या ट्रेकचं. 2018 साल, मार्चअखेरचा एक रविवार. आम्ही नऊ जण. मंडळातले सहा, माझे चिरंजीव, वय वर्षं तेरा, मी, आणि माझ्या सेक्शनमधले एक ट्रॅकमन. ते त्याच भागातले, पन्नाशी उलटलेले. त्यांना सगळे काकाच म्हणतात, मराठीतही आणि गुजरातीतही. पहाटे चारला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेपाचला. भुजला कोणीतरी दाबेलीची आठवण काढली, मग चहा, मग पुन्हा चहा. पायथ्याला पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. काकांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "साब, देर हो गया." मी म्हटलं, "दीड तासाची तर चढण आहे."

दुसरी चूक लगेच केली. गाडीत वीस लिटरचा पाण्याचा जार होता. प्रत्येकाने दोन-दोन बाटल्या भराव्यात असं ठरलं होतं, पण ओझं नको म्हणून मीच जाहीर केलं, "एकेक पुरे, उतरल्यावर गार पाणी आहेच." काकांच्या खांद्याला मात्र जुनी कॅनव्हासची छागळ होती, गच्च भरलेली. सोबत फडक्यात मीठ आणि गूळ. आमच्यातल्या एकाने त्यांची थट्टाही केली.

सुरुवात झकास झाली. काही ठिकाणी दगडी पायऱ्या आहेत, काही ठिकाणी नुसता घसारा. वारा होता, त्यामुळे घाम येतोय असं वाटतच नव्हतं. तिथेच माणूस फसतो. कोरड्या हवेत घाम अंगावर टिकत नाही, लगेच उडतो. शरीरातलं पाणी आणि मीठ जात असतं आणि अंग कोरडं ते कोरडंच. साडेदहाच्या सुमारास चिरंजीवांच्या काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे दिसले. मिठाचे. मी म्हटलं, "बघा, रण अंगावर आलं." सगळे हसले. काका हसले नाहीत.

माथा दहा-पंधरा मिनिटांवर राहिला तेव्हा मुलगा बसला. चिडचिड करायला लागला, मग गप्प झाला. त्याची बाटली केव्हाच संपली होती. माझीही. काका म्हणाले, "इसको ऊपर मत ले जाओ." एका खडकाच्या कडेला हातभर सावली होती, तिथे त्याला बसवलं. काकांनी छागळ काढली. आणि मी, मंडळी, मी वर गेलो.

हे मी आजवर चारचौघांत सांगितलेलं नाही. मनात एवढंच होतं की इतकं आलोय, दहा मिनिटांत देवाचं दर्शन घेऊन येतो. काका आहेत त्याच्याजवळ. वर पोचलो, घुमटीत हात जोडले, उत्तरेला बन्नीचं माळरान आणि त्याच्यापलीकडे आभाळाला चिकटलेली रणाची पांढरी रेघ पाहिली. दृश्य खरंच अपूर्व आहे, खोटं कशाला बोलू? दोन्ही हात वर करून फोटो काढून घेतला. त्या फोटोवर वेळ छापलेली आहे, अकरा चोवीस. त्याच वेळी खाली माझा मुलगा ओकत होता.

मी परत आलो तेव्हा काकांनी आपलं मुंडासं सोडून, ओलं करून त्याच्या डोक्या-मानेवर ठेवलं होतं आणि फडक्याने वारा घालत होते. मी विचारलं, "बाळा, कसं वाटतंय?" तो म्हणाला, "शाळेची बस आली का?" माझे हातपाय गळाले. अंग तापलेलं, बोलणं भलतंच, म्हणजे प्रकरण साध्या थकव्याच्या पुढे चाललं होतं.

छागळीत अजून अर्ध्याहून जास्त पाणी होतं. चढताना काकांनी स्वतः जेमतेम दोन-चार घोट घेतले असतील. मी कशीबशी क्षमा मागायला लागलो तर म्हणाले, "साब, आधा पानी उतरने का होता है." घोट-घोट पाणी, चिमूट मीठ, गुळाचा खडा, कपडा पुन्हा ओला करायचा, दहा पावलं उतरायचं. आलटूनपालटून पाठीवर घेतलं. दोघं पुढे पळत जाऊन जारमधलं पाणी घेऊन अर्ध्या वाटेत भेटले. तासाभराची उतरण, आम्हाला सव्वादोन तास लागले. दवाखान्यात सलाईन लावता लावता डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "सकाळपासून किती वेळा लघवीला गेला?" मला उत्तर देता आलं नाही. काका म्हणाले, "एक बार. गाडी से उतरके."

मुलगा रात्रीपर्यंत हुशारीत आला. सौभाग्यवतींना काय सांगितलं आणि त्या काय म्हणाल्या, ते इथे माइकवर सांगण्यासारखं नाही.

आता थोडं आमच्या कामाचं, कारण माझ्यासाठी खरी गोष्ट तिथेच आहे. एक किलोमीटर रूळ एका अंशाने तापला तर साडेअकरा मिलिमीटर वाढू बघतो. तीस अंशांनी तापला तर फुटापेक्षा जास्त. पण आताचे रूळ लांबच लांब जोडलेले, त्यांना वाढायला जागा नाही. वाढ आतल्या आत दाबून ठेवलेली असते. हद्द ओलांडली की क्षणात वाकतात. म्हणून आम्ही रुळाला थर्मामीटर लावतो, आणि ठरलेल्या तापमानाच्या वर वीस अंश गेले की उन्हाळी गस्त सुरू. भर दुपारी एकेक माणूस आपापल्या तुकड्यावर रूळ बघत चालतो, लाल झेंडे आणि फटाके घेऊन. रूळ हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त तापलेला असतो आणि माणूस त्याच्या शेजारून चालतो.

त्या गस्तीचा कागद दर वर्षी मी भरत होतो. त्यात पाण्याच्या सोयीवर खूण करत होतो. रुळाचं तापमान मला अंशात पाठ असायचं. काका कित्येक उन्हाळे माझ्याच सेक्शनमध्ये गस्त घालत होते आणि त्यांची छागळ मी पहिल्यांदा पाहिली ती धिणोधरच्या पायथ्याशी.

त्या एप्रिलमध्ये एका दुपारी मी काकांबरोबर त्यांच्या तुकड्यावर चाललो. सांगितलं कोणालाच नाही, नाहीतर तयारी झाली असती. पाण्याचा माठ होता, कागदावर होता तिथेच होता, पण गस्तीच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला पोचलं की माणूस त्यापासून सगळ्यात लांब. मधे सावली एका पुलाखाली. आम्ही दुसऱ्या टोकालाही माठ ठेवला, पुलाखाली तिसरा. मीठ-साखरेच्या पुड्या डब्यात. फार मोठं काही केलं असं नाही, तीन माठांचा खर्च तो काय! पण आधी का सुचलं नाही, हे माझं मलाच विचारतो.

काका 2022 साली निवृत्त झाले. आज पहिल्या रांगेत डावीकडून तिसरे बसलेत, मराठी नीट कळत नाही म्हणून गालातल्या गालात हसतायत. आणि चिरंजीव मागे साउंड सिस्टिमजवळ आहेत. मघापासून माझा आवाज कमी-जास्त होतोय, त्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. (हशा)

तर पुढचा ट्रेक. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी. गाडी चारला सुटेल, म्हणजे चारलाच. दाबेली परतीच्या वाटेवर. सूर्य उगवताना पाय डोंगरावर हवेत. दहा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा दिसत असला तरी. माणशी चार लिटर पाणी, ते मी स्वतः पायथ्याला मोजून घेणार. बाटलीच्या मधोमध चिकटपट्टी लावून आणा, त्याच्या खालचं पाणी माथ्यावरून निघेपर्यंत कोणी उघडायचं नाही. आणि दर तासाला मुलांना मी तो डॉक्टरांचा प्रश्न विचारणार आहे, तेव्हा कोणी लाजू नये. नावं खजिनदारांकडे द्या. कोणाच्या घरी जुनी छागळ असेल तर काकांना दाखवून घ्या, शिवण गळते की नाही ते त्यांना लगेच कळतं.

आरतीची वेळ झाली. गणपती बाप्पा मोरया!