अंकुराच्या पुढे

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



‘बालवाडीतील मूल आणि वनस्पतीचं जीवनचक्र’ असं आजच्या विषयाचं नाव पत्रिकेवर छापलं आहे. नाव भारदस्त असलं तरी प्रकरण ओंजळभर मुगाचं आहे. समोर आजी-आजोबा बरेच दिसतात. ते बरंच झालं, कारण या कामाला शिक्षणशास्त्राच्या पदवीपेक्षा सवड आणि सबुरी जास्त लागते.

बहुतेक बालवाड्यांत हा पाठ कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे. एक पेला, त्यात ओला कापूस, कापसावर चार मूग. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड येतात, मुलं टाळ्या पिटतात, फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातो. आठवड्याने कापसाला वास सुटतो आणि पेला मोरीत रिकामा होतो. भिंतीवर मात्र तक्ता झळकत असतो: बी, अंकुर, रोप, फूल, शेंग आणि बाण फिरून परत बी. यातले पहिले दोन टप्पे मुलाने डोळ्यांनी पाहिले. बाकीचे ताईंनी सांगितले म्हणून खरे मानायचे. मोड आलेले मूग तर आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतात. तेवढ्यासाठी बालवाडी कशाला हवी?

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. मुलाने पेरलेल्या बीपासून तयार झालेलं नवं बी त्याच्या तळहातावर पडत नाही, तोवर हा पाठ संपला असं म्हणू नका.

हा विचार काही आजचा नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं, आणि मुलांना खरोखरच लहान लहान वाफे वाटून दिले. प्रत्येकाचा आपला एक, शिवाय सगळ्यांचे मिळून काही. मारिया मॉण्टेसरींनीही बागकामाला आपल्या पद्धतीत जागा दिली. पेरून वाट पाहणं हे मुलाला धीर शिकवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या १९३९ साली भारतात आल्या. पण मॉण्टेसरी साधनं महाग, आणि आपली खेडी गरीब. ही गाठ सोडवली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे हीच साधनं केली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. तिथल्या आदिवासी मुलाला पेरणी, लावणी, कापणी दाखवावी लागत नव्हती, ती त्याच्या डोळ्यांसमोर होत होती. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलासाठी मात्र ती मुद्दाम घडवून आणावी लागते.

चार वर्षांच्या मुलाला बी म्हणजे काय वाटतं? जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात लहान मुलांशी बोलून हे नोंदवलं, की त्यांच्या लेखी जे हलतं ते जिवंत. ढग जिवंत, सायकल जिवंत. झाड जागचं हलत नाही, म्हणून त्याच्याबद्दल शंका. मग डब्यातला मूग तर खड्यासारखाच! ‘बी सजीव असतं’ हे वाक्य पाठ करून घेतल्याने ही समजूत जात नाही. ती जायला मुलाला स्वतः पेरून बघू द्यावं लागतं.

एक सोपा प्रयोग सांगते. एका पसरट कुंडीत पाच रांगा करा. एका रांगेत अख्खी तूर, दुसरीत तूरडाळ, तिसरीत भात म्हणजे साळ, चौथीत तांदूळ आणि पाचवीत बारीक खडे. काय काय उगवेल, ते मुलांना आधी विचारा. खडे उगवतील असं ठासून सांगणारी मुलं असतातच. त्यांना हसू नका, खडेही पेरू द्या. आठवडाभरात तूर आणि साळ वर येतात; डाळ, तांदूळ आणि खडे येत नाहीत. डाळ भरडताना अंकुराचा भाग तुटतो, आणि तांदूळ सडताना तो निघून जातो. हे कारण मुलांना सांगितलंच पाहिजे असं नाही. ‘डाळ का नाही उगवली?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला की पाठ निम्मा झाला.

उत्तर हवंच असेल तर वालांकडे जा. बिरड्यासाठी आपण वाल रात्रभर भिजवतो, फडक्यात बांधतो, मोड आले की कोमट पाण्यात घालून सोलतो. हे सोलणं लहान बोटांना फार आवडतं. वाल चिमटीत धरून दाबला की साल राहते बोटांत आणि डाळिंबी सुळकन निसटते. मग ती डाळिंबी अलगद उकलून दाखवा. दोन जाड दळं, आणि त्यांच्या सांध्यात एका टोकाला बारीकसा मोड. नीट पाहिलं तर मोडाच्या वरच्या टोकाला घडी घातलेली इवलीशी पानंही दिसतात. हे झाड आत आधीपासूनच होतं, हे मुलाला तिथे कळतं. ती दोन दळं म्हणजे त्या बाळरोपाची शिदोरी. कच्चे वाल तोंडात जाणार नाहीत, एवढं मात्र जवळ बसून पाहा.

आता मुख्य काम. त्यासाठी मी मूगच घेते, कारण त्याचं सगळं आयुष्य आपल्या शाळेच्या पहिल्या सत्रात बसतं. जूनमध्ये शाळा उघडली की पेरा, दोन-सव्वादोन महिन्यांत शेंगा वाळायला लागतात. कुंडी उन्हात हवी. कोकणात पाऊस झोडपतो, तिथे ती पागोळ्यांच्या आत ठेवा, नाहीतर मुळं कुजतील.

मूग वर येताना आधी मान वाकवलेली असते. मग ती सरळ होते आणि दोन्ही दळं मातीबाहेर येतात. पहिली दोन पानं समोरासमोर आणि एकेकटी. त्यानंतरचं प्रत्येक पान तीन पानांचं. हे मुलांच्या लक्षात येतं. आपण मोठ्या माणसांनी ते कधी पाहिलेलंच नसतं. दळं सुरकुततात आणि गळून पडतात, म्हणजे शिदोरी संपली. महिन्याभराने पिवळी फुलं येतात. फूल कोमेजतं आणि त्याच जागी सुईएवढी हिरवी शेंग दिसते. कधी कधी तिच्या टोकाला वाळलेलं फूल अजून चिकटलेलं असतं. फुलाचीच शेंग होते याचा एवढा थेट पुरावा कोणत्याही तक्त्यावर नाही. ती फुलं मुलांना तोडू देऊ नका, एवढाच नियम.

या वाटेवर दोन अडचणी हमखास येतात. पहिली उकरण्याची. मूल पेरतं आणि संध्याकाळी बोटाने उकरून पाहतं. त्याला रागावू नका. पाहायचंय म्हणूनच तर ते पेरतं. एक कुंडी ‘उकरायची’ ठेवा. तिच्यात रोज खणून पाहायची मुभा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. दुसरी अडचण नोंदींची. मोजपट्टी या वयात येत नाही. दर सोमवारी कागदाची पट्टी रोपाशेजारी उभी धरा, रोपाएवढी कापा आणि भिंतीवर ओळीने चिकटवत जा. आकडा न लिहिता वाढ दिसते. फुलं आल्यावर पट्ट्या फारशा लांबत नाहीत, हेही मुलंच सांगतात.

आणि मग तो टप्पा येतो जिथे आपण मोठी माणसं घाई करतो. पानं पिवळी पडतात, शेंगा काळ्या होतात, रोप मरगळतं. कोणी मावशी कुंडी ‘साफ’ करून ठेवतात. मुलांना वाईट वाटेल म्हणून काही ताईही रोप गुपचूप उपटतात. पण नेमका हाच भाग चक्र पुरं करतो. ‘मेलं का ते?’ असं मूल विचारतं, तेव्हा ‘हो, आता ते वाळलं,’ असं सरळ सांगावं आणि काळी शेंग त्याच्या हातात द्यावी. शेंग कडकडीत असली तर जरा दाबताच दोन्ही सालं पीळ घेत उलगडतात आणि मूग उडतात. मुलं ते जमिनीवर रांगत गोळा करतात. डब्यातल्या मुगाशेजारी ठेवले तर हुबेहूब तेच! मग एक दाणा पेरला आणि हे इतके आले, हा त्यांचा त्यांनी केलेला हिशेब ऐकण्यासारखा असतो. थोडे पुन्हा पेरायला ठेवा, थोडे शिजवून खा.

मूग झाले की नवरात्र येतं. घटाभोवती पेरलेलं धान नऊ दिवसांत वाढतं, ते पिवळसर असतं. देवघरात ऊन नसतं म्हणून. बालवाडीत एका परडीतलं धान खिडकीत आणि दुसऱ्या परडीतलं कोनाड्यात ठेवा, आणि दसऱ्याला शेजारी शेजारी मांडा. उन्हाचं काम मुलांना तेवढ्यात समजतं. ज्यांना शेंगेचं उडणं आवडलं त्यांना पावसाळ्यात तेरडा दाखवा, त्याचं पिकलं बोंड बोट लावताच फुटतं. आणि उन्हाळ्यात काटेसावरीच्या बोंडांतला कापूस वाऱ्यावर निघतो, त्याच्या पोटात काळं बी आहे का ते नातवंडांना शोधायला लावा.

खबरदारीच्या चार गोष्टी. दुकानातून पाकिटात मिळणारं बियाणं पुष्कळदा औषध लावलेलं, गुलाबी किंवा निळं असतं. ते मुलांच्या हाती नको. एरंड, धोतरा आणि गुंज विषारी आहेत, गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी. मूग-हरभरा नाकाकानात घालायची हौस या वयात फार, आणि ओलाव्याने दाणा आतच फुगतो, म्हणून बियांशी खेळताना एक मोठं माणूस हजर हवं. मातीनंतर साबणाने हात धुणं हा पाठाचाच भाग.

‘एवढा वेळ कुठून आणायचा?’ असं शिक्षिका विचारतात. पायाभूत स्तराचा २०२२चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा खेळातून आणि अनुभवातून शिकवायला सांगतो, तेव्हा हे कुठल्या चौकटीबाहेरचं काम नाही. रोजची पाच मिनिटं आणि अडीच महिन्यांचा धीर, एवढाच खर्च. खरी अडचण वेगळी आहे. आपल्याला पालकांना दाखवायला दर आठवड्याला नवी गोष्ट लागते. एकाच कुंडीकडे पाहत बसलेलं मूल ‘काहीच करत नाही’ असं वाटतं. पालकांना माझं सांगणं आहे, की जूनमध्ये शाळेत गेल्यावर ‘मोड आले का?’ असं विचारू नका. सप्टेंबरात जा आणि विचारा, ‘शेंगा किती वाळल्या?’ तुम्ही ते विचारू लागलात की शाळा कुंड्या टाकणार नाहीत. आणि घरी खिडकी असेल तर शाळेचीही वाट पाहू नका. नातवंडांना घेऊन स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर मूग पेरा.