रिकामपणचा उद्योग

(मंडळाच्या वर्धापनदिनी 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेले भाषण)



आतापर्यंत बोललेल्या भगिनींनी क्रोशाचे विणकाम, ओव्यांचा संग्रह आणि कुंड्यांतली फुलझाडे यांविषयी इतके छान सांगितले, की माझा विषय ऐकून तुम्हांला हसू येणार हे मला ठाऊक आहे. पुढच्या रांगेत काहींना ते आलेलेच दिसते! माझा छंद आहे प्लॅस्टिकचे यंत्रमानव जोडण्याचा. या टेबलावर ठेवलेले तिन्ही मी जोडलेले आहेत. कार्यक्रम आटोपल्यावर हातात घेऊन पाहा. मान, कोपर, गुडघे सारे वळते, पण हळू.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती, तेव्हा तो विषय तिथेच संपला. भाषणाची सवय नाही. सुचेल तसे सांगते.

या बाहुल्याचे नाव गंडम. जपानात 1979 साली दूरचित्रवाणीवर या नावाची चित्रमालिका झाली. योशियुकी तोमिनो हे तिचे दिग्दर्शक. गोष्टीतला यंत्रमानव आपल्या आपण चालत नाही. माणूस त्याच्या पोटात बसून त्याला चालवतो. म्हणून यंत्रमानव म्हणण्यापेक्षा चालते चिलखत म्हणणे बरे. चालवणारा मुलगा पंधरा वर्षांचा, आणि त्याला लढाईची हौस मुळीच नाही. शत्रूकडची माणसेही माणसासारखीच दाखवली आहेत. मुलांच्या गोष्टीत असे फार करून नसते. त्या वेळी मात्र पाहणारे थोडे मिळाले. 52 भागांची ठरलेली मालिका 43 भागांतच, 1980 च्या जानेवारीत गुंडाळावी लागली. पुढे ती पुन्हा दाखवू लागले, तेव्हा लोकांना तिची गोडी लागली. त्याच वर्षी जुलैत बंदाई कंपनीने पहिला जोडणीचा संच काढला. किंमत 300 येन. त्याच्यावर मुलांच्या उड्या पडल्या. 'गंडम' आणि 'प्लॅस्टिक मॉडेल' मिळून तिकडे या संचांना 'गनप्ला' म्हणतात. संपलेल्या मालिकेचे हे खेळणे आज 40 वर्षांहून अधिक काळ निघते आहे.

हे संच जिथे तयार होतात त्या गावाची हकिकत मला फार आवडते. गावाचे नाव शिझुओका. तिथल्या मोठ्या देवळाच्या कामासाठी जुन्या काळी सुतार, रंगारी, लाखकाम करणारे कारागीर गोळा झाले, आणि लाकडी वस्तूंचा धंदा त्या गावात रुजला. आमच्या सावंतवाडीची चिताऱ्यांची आळी डोळ्यांपुढे आणा म्हणजे कळेल. महायुद्धानंतर तिथे लाकडी विमाने आणि जहाजे यांच्या प्रतिकृती होऊ लागल्या. तामिया ही तिथली नामांकित कंपनी मुळात लाकडाचीच. तिने 1960 साली पहिली प्लॅस्टिकची प्रतिकृती काढली. बंदाईचा या संचांचा कारखानाही 2006 पासून त्याच गावात आहे. लाकूड गेले, प्लॅस्टिक आले, पण कसब गावात राहिले. आपल्याकडेही असे झाले असते तर, असे मनात येते.

माझा भाचा नोकरीनिमित्त योकोहामाला होता. तिथल्या बंदरावर 2020 च्या डिसेंबरपासून 2024 च्या मार्चपर्यंत गोष्टीतल्या उंचीचा, म्हणजे 18 मीटरचा, हातपाय हलवणारा गंडम उभा केला होता. भाच्याने फोनवर तो आम्हांला दाखवला, आणि येताना माझ्या धाकट्यासाठी एक संच आणला. धाकट्याची दहावी होती. त्याने एक पाय जोडला आणि खोके माळ्यावर गेले. वर्षभराने माळा झाडताना ते माझ्या हाती लागले.

खोक्यात बाहुला नसतोच. असतात प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि त्यांना बारीक देठांनी धरून राहिलेले सुटे भाग. वेलीला शेंगा लगडाव्यात तसे. प्रत्येक चौकटीला ए, बी, सी असे अक्षर, प्रत्येक भागाला आकडा. सोबतचा कागद जपानी भाषेत. पण भगिनींनो, त्यातले एक अक्षरही वाचावे लागत नाही! सारे चित्रांत असते. ए चौकटीतला 12 वा भाग घ्या, बी मधल्या 7 व्यात असा बसवा, बाण या बाजूला. स्वेटरचा नमुना किंवा कशिद्याच्या चौकोनांचा कागद जिला वाचता येतो, तिला हा कागद वाचता येतो. इंग्रजी फॉर्म पुढे आला की मुलाला हाक मारणारी मी, इथे मला कोणाला विचारावे लागले नाही.

खोक्यावर '1/144' असे लिहिलेले असते. म्हणजे खऱ्याच्या एकशे चव्वेचाळिसाव्या हिश्शाएवढा. 18 मीटर म्हणजे 1800 सेंटिमीटर. 144 ने भागा, साडेबारा येतात. पट्टी लावून पाहिले, बरोबर साडेबारा. मग 144 च का? बारा बारे एकशे चव्वेचाळीस! म्हणजे खऱ्याच्या बारा फुटांना इथे एक इंच. हे मला कोणी सांगितले नाही, पाढ्यावरून माझे मलाच उमगले. या मापाने आपल्यासारखी पाच फुटी बाई वालाच्या दाण्याएवढी होईल. हे मी त्या दिवशी घरात सगळ्यांना ऐकवले. हे म्हणाले, "बरे झाले, निदान पोळ्या तरी कमी लागतील."

आता काम कसे करायचे ते सांगते, कारण खरी मौज तिथे आहे. भाग ओढून तोडायचा नाही, बारीक तोंडाच्या पकडीने कापायचा. आणि दोनदा कापायचा. पहिल्यांदा देठ थोडा ठेवून, दुसऱ्यांदा भागाला लागून. एकदमच लागून कापले तर प्लॅस्टिकवर ताण येऊन तिथे पांढरा डाग उमटतो, तो रंगीत भागावर कोडासारखा दिसतो. अडकित्त्याने सुपारी कातरणारीला हा हात लगेच जमेल. उरलेला खुंट पॉलिशपेपरने घासायचा. आधी 400 नंबर, मग 600, 800, 1000. आपण पुरणासाठी चाळणी बदलतो तसे.

पहिल्या काळच्या संचांना डिंक लागे, आणि रंग घरी द्यावा लागे. 1990 साली जो नवा प्रकार निघाला त्यात एकाच चौकटीत चार-चार रंगांचे भाग ओतलेले, आणि नुसते दाबले की बसणारे. 2020 चा सर्वांत सोपा संच तर पकडीशिवाय, हातानेही सुटतो. निघाला तेव्हा त्याची किंमत तिकडे 770 येन होती. उंची मात्र 300 येनांच्या त्या पहिल्याइतकीच, साडेबारा सेंटिमीटर. माझ्या मते सुरुवात याच संचाने करावी.

अंगावर ज्या बारीक खाचा दिसतात त्यांत काळी किंवा करडी शाई सोडली की सारे उठून दिसते. काजळाने डोळा उठतो तसे. शेवटी वरून फवाऱ्याने पातळ हात द्यायचा, म्हणजे प्लॅस्टिकची खेळण्यासारखी चकाकी जाते. हे काम आपल्या कोकणात आषाढ-श्रावणात करू नये. हवेतल्या ओलाव्याने धुरकट पांढरेपणा येतो. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, अंगणात करावे. आणि स्वयंपाकघरात कधीही नाही. तो फवारा पेट घेणारा असतो.

यावर आळीतल्या प्रत्येक बाईने मला एकच प्रश्न विचारला आहे. "याचा उपयोग काय?" हळदीकुंकवाला तर तो वाणासारखा वाटला जातो.

माझ्या सासूबाई अडीच वर्षे अंथरुणावर होत्या. अर्धांगाने डावी बाजू गेलेली. दुपारी दोन तास मला त्यांच्याजवळून हलता येत नसे. झोप लागली तरी चालत नसे, कारण कूस बदलायची असे. तेव्हा मी उंच काठाच्या ताटात हे भाग घेऊन बसू लागले. हाक आली की ताट पलंगाखाली सरकवायचे. पहिले काही दिवस सासूबाई मनसोक्त बोलल्या. चाळिशी ओलांडलेल्या सुनेने बाहुल्या खेळाव्यात हे त्यांना पटेना. मग एक दिवस म्हणाल्या, "अगो, ह्याचा दुसरा हात कुठे गेला?" तो चौकटीतच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून ताट मागवले. उजवा हात त्यांचा चांगला होता. मी कापून द्यावे, त्यांनी छातीवरच्या पाटावर दाबून बसवावे, असे सुरू झाले. एका हाताने बसवणे सोपे नाही. पण टक् असा आवाज झाला, की त्या माझ्याकडे पाहत.

तो बाहुला पुरा झाला तेव्हा त्यांनी विचारले, "आता हा पुन्हा मोडायचा का?"

मी म्हटले, "नाही."

"मग बरे. आपले काहीच संध्याकाळपर्यंत टिकत नाही."

भगिनींनो, सत्तर वर्षे चुलीपुढे काढलेल्या बाईचे हे बोलणे. सकाळी घासलेली भांडी दुपारी खरकटी होतात. दुपारी वाळवलेले कपडे दुसऱ्या दिवशी पुन्हा बादलीत. वर्षाचे लोणचेसुद्धा वर्षातच संपायचे, आणि संपले तरच आपल्याला बरे वाटायचे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एखादी वस्तू आपण करावी आणि ती केलेलीच राहावी, कोणी ती खाऊ नये, मळवू नये, असे बाईला वाटले तर त्यात हसण्यासारखे काय आहे? पुरुषाने पत्ते खेळले तर त्याला उपयोग कोणी विचारत नाही. सासूबाई गेल्या श्रावणात गेल्या. टेबलावरचा डावीकडचा त्यांचा. त्याला मी शाई लावलेली नाही, फवाराही मारलेला नाही.

दुसरा आक्षेप प्लॅस्टिकचा. तो मला मान्य आहे. मंडळात कापडी पिशव्या शिवणारी मीच, आणि घरात प्लॅस्टिक आणणारीही मीच. पिशवी दुपारी उकिरड्यावर जाते, हा बाहुला जात नाही, एवढेच म्हणता येईल. उरलेल्या चौकटींचा प्रश्न आहे. जपानात 2021 पासून कंपनी त्या गोळा करून पुन्हा वापरते. आपल्याकडे ती सोय माझ्या पाहण्यात नाही. मी त्यांच्या काड्या करून मिरचीच्या रोपांना टेकू देते. आणि खर्च? आयातीमुळे संच इकडे महाग पडतो. मी वर्षाला दोनच घेते, भिशीच्या पैशांतून. स्वस्त नकली मिळतात, त्यांचे सांधे सैल असतात. ते घेऊ नयेत. घरात रांगते मूल असेल तर हा नाद तूर्त नकोच. भाग मुगाएवढे असतात आणि ते तोंडात जातात.

चिटणीसबाईंनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा आवरते घेते. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच मी घरी जोडत बसते. कोणाला पाहायचे असेल तर जरूर यावे. पकडी दोन आहेत, ताटेही आहेत. चष्मा मात्र जिचा तिने आणावा.