श्रोत्याने जपलेला सूर
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



हीरक महोत्सवात जुनी छायाचित्रे बाहेर निघतात, पिवळ्या पडलेल्या अहवालांची पाने उलटली जातात. आवाजाची आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही. आजचा विषय आवाजाचा आहे. तोही कंपनीने रीतसर मुद्रित केलेल्या आवाजाचा नव्हे, तर एखाद्या श्रोत्याने मैफलीत बसून टिपलेल्या आणि पुढे कित्येक वर्षांनी सापडलेल्या आवाजाचा.

जबलपूरहून कटनीमार्गे सतन्याकडे जाणारी गाडी वाटेत मैहरला थांबते. हे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे गाव. त्यांच्या कन्येचा जन्म येथलाच. तिचे ‘अन्नपूर्णा’ हे नाव मैहरचे महाराज ब्रिजनाथसिंह यांनी ठेवले. वडिलांनी तिला सुरबहार शिकवली. सतारीहून मोठे आणि खर्जाने भारलेले हे वाद्य संथ आलापासाठीच जणू घडवलेले आहे. १९४१ मध्ये रविशंकर यांच्याशी अन्नपूर्णादेवींचा विवाह झाला. १९५० च्या दशकात दोघांच्या जुगलबंदीचे काही कार्यक्रमही झाले. पुढे त्यांनी जाहीर वादन थांबवले, ते कायमचेच. मुंबईतील घराच्या बंद दाराआड त्यांनी शिष्य घडवले. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर ही त्यांतली ठळक नावे. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी एकही ध्वनिमुद्रिका काढली नाही.

तरीही मांझ खमाजमधील त्यांची सुरबहार आणि रविशंकर यांच्यासह वाजवलेला यमन आज ऐकायला मिळतो. ही ध्वनिमुद्रणे त्यांच्या संमतीने झालेली नाहीत. सभागृह भरून वाहत असल्याने बाहेर उभ्या राहिलेल्यांसाठी ध्वनिवर्धक लावले होते आणि तेथून कोणीतरी हे वादन गुपचूप टिपून घेतले, असे सांगतात. आवाज धूसर आहे, त्यात खरखर आहे. पण मैहरच्या या कन्येचे वादन कसे होते, याचा पुढच्या पिढ्यांना मिळणारा पुरावा एवढाच. ज्याने तो टिपला, त्याचे आभार मानावेत की त्याला दोष द्यावा?

उत्तराकडे वळण्यापूर्वी अशा ध्वनिमुद्रणांचे मोल कशात आहे, ते पाहिले पाहिजे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे साडेतीन मिनिटे मावत. तासभर उलगडणारा राग गायकाला तेवढ्यात आटोपावा लागे. समोर दाद देणारे कोणी नसे. मैफलीतील मुद्रणात मात्र वेळ पूर्ण असतो. गायकाचा घसा हळूहळू तापत जाणे, तबलजीशी होणारी खुणावणी, समेवर श्रोत्यांतून उठणारी ‘वाहवा’, मध्येच आलेला खोकलाही त्यात असतो. गाण्याबरोबर त्या संध्याकाळचेही चित्र उमटते.

सूरश्री केसरबाई केरकर यांचे उदाहरण बोलके आहे. गोव्यातील केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे घडलेल्या या गायिकेला यंत्राचे फारसे प्रेम नव्हते. मोजक्या तबकड्या दिल्यावर त्यांनी मुद्रणाकडे पाठ फिरवली. नियतीचा खेळ असा, की त्यांची भैरवीची एक तबकडी व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत समाविष्ट झाली. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वीवरून निघाले आणि अकरा दिवसांनी केसरबाई निवर्तल्या. साडेतीन मिनिटांची भैरवी सूर्यमालेपलीकडे पोहोचली. पण त्यांचा विस्तृत खयाल कसा असे, हे कळते ते रसिकांच्या खासगी संग्रहांत टिकलेल्या मैफलींच्या ध्वनिफितींवरून. याउलट खुद्द अल्लादिया खाँसाहेब आणि भास्करबुवा बखले यांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांच्याविषयी आहेत त्या केवळ आठवणी.

हा प्रश्न केवळ अभिजात संगीतापुरता नाही. ज्या संगीताच्या नावानेच अनेक पालक कानांवर हात ठेवतील, त्या हेवी मेटलच्या जगातही तो तेवढाच जिव्हाळ्याचा आहे. त्या संगीताच्या पूर्वसूरींत गणल्या जाणाऱ्या लेड झेपलिनचे कार्यक्रम अमेरिकेत माइक मिलर्ड नावाचा एक श्रोता टिपत असे. दाराशी होणाऱ्या तपासणीतून यंत्र निसटावे, म्हणून तो चाकांच्या खुर्चीत बसून जाई आणि यंत्र तिच्यात दडवी. लॉस एंजेलिसजवळच्या ‘फोरम’ सभागृहातील २१ जून १९७७ च्या कार्यक्रमाचे त्याचे मुद्रण जगभरच्या चाहत्यांत हातोहात फिरले. १९९४ मध्ये तो वारला. मूळ फिती त्याने नष्ट केल्या, अशी वदंता होती. पण त्या टिकून होत्या आणि अलीकडच्या वर्षांत संगणकीय स्वरूपात लोकांसमोर आल्या. त्याने १९७५ मध्ये टिपलेला पिंक फ्लॉइडचा एक कार्यक्रम तर त्या वाद्यवृंदानेच २०२५ मध्ये आपल्या अधिकृत संचात घेतला. दाराशी ज्याला अडवले असते, त्याच्याच फितीला अखेर मान मिळाला.

आता मूळ प्रश्नाकडे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती होऊन कलावंताच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क मिळाला. १९९९ मध्ये त्याची मुदत ५० वर्षांची झाली. कायद्याहून मोठा आहे तो संकोच. अन्नपूर्णादेवींनी मौन स्वीकारले होते. ते विचारपूर्वक स्वीकारलेले होते. म्हणून येथे दोन कृती वेगळ्या मानल्या पाहिजेत: जपणे आणि प्रसृत करणे. जपणे हे कर्तव्य आहे, कारण नष्ट झालेली फीत कोणाच्याही परवानगीने परत येत नाही. प्रसृत करण्याला मात्र कलावंताची, ते नसल्यास त्यांच्या वारसांची संमती हवी. विकणे तर दूरच राहिले. ज्याने टिपले तो मालक नव्हे, विश्वस्त आहे. असे मानले, तर त्या अनामिक श्रोत्याचे आभार मानता येतात आणि त्या कलावतीच्या मौनाचा मानही राहतो.

हे सारे जबलपुरात सांगण्याचे कारण साधे आहे. येथील मराठी घरांच्या माळ्यांवर स्पूल आणि कॅसेटींची खोकी आजही असतील. कोणी गणेशोत्सवातले गाणे टिपले असेल, कोणी शहीद स्मारक भवनातला कार्यक्रम, कोणी शाळेच्या स्नेहसंमेलनातली नांदी, तर कोणी एखाद्या गुरुजींचे निरोपाचे भाषण. या फितींचे आयुष्य अमर्याद नाही. दमट हवेत चुंबकीय थराला धरून ठेवणारा लेप चिकट होतो, बुरशी धरते, थर सुटू लागतो. फीत एकदा हेडला चिकटून सोलली गेली की आवाज गेला तो गेलाच.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. सापडलेली फीत उत्साहाच्या भरात जुन्या यंत्रावर लावू नये. आधी जाणकाराला दाखवावी. खोके उभे, कोरड्या जागी आणि ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर ठेवावे. वेष्टनावरील हस्ताक्षर, तारीख, नावे यांचे छायाचित्र घ्यावे. नावावाचून आवाज पोरका होतो. संगणकावर उतरवताना २४ बिटची मूळ प्रत ठेवावी. खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीतून. वेगही तपासावा, कारण यंत्राची गती चुकली तर सूर चढतो किंवा उतरतो. जुन्या फितीत विजेचा मंद गुंजारव उतरलेला असेल, तर तो ५० हर्ट्झवर आणला की मूळ गती बऱ्याच अंशी हाती लागते. जो दोष वाटतो, तोच येथे साक्षीदार ठरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील ज्येष्ठांना ती फीत ऐकवून विचारावे: गाणारे कोण, साथीला कोण, पहिल्या रांगेतून दाद देणारा तो आवाज कोणाचा? यंत्राला ही उत्तरे ठाऊक नसतात. ज्यांना ठाऊक आहेत, त्यांची वये आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

शाळेच्या ग्रंथालयात या आवाजांसाठी एक कपाट आणि एक नोंदवही ठेवता येईल. येणाऱ्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे खोके रद्दीत देण्यापूर्वी प्रत्येक माजी विद्यार्थ्याने ते एकदा उघडून पाहावे, एवढीच या व्यासपीठावरून विनंती आहे.