सातबाऱ्यावर न दिसणारे ओझे

(एका वार्षिक व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



'अर्थव्यवस्था, समाजव्यवस्था आणि मनाचे आरोग्य' हा आजचा विषय. तो मी विदर्भातील कोरडवाहू कापूस उत्पादकाच्या उदाहरणावरून मांडणार आहे. व्यवस्था हा शब्द ग्रंथात निर्जीव वाटतो. ती माणसाच्या झोपेत कशी शिरते हे पाहिले म्हणजे तिचे सामर्थ्य कळते.

मनाच्या आजाराचे कारण आपण माणसाच्या आतच शोधतो. 'तो मुळातच हळवा होता', 'मन खंबीर हवे होते' असे म्हणून मोकळे होतो. स्वभावाचा वाटा असतो, हे मान्य. परंतु यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांतील इतक्या माणसांची मने एकाच कालखंडात दुर्बळ कशी झाली? या सहा जिल्ह्यांसाठी 2006 साली पंतप्रधानांना 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने 2022 या वर्षात शेतीक्षेत्रातील 11,290 आत्महत्या नोंदवल्या. त्यांपैकी 6,083 शेतमजूर होते. ही केवळ व्यक्तीची दुर्बळता खचित नव्हे.

या शेतकऱ्याचे वर्ष पाहा. मृगाच्या सुमारास पेरणी होते. बियाणे आणि खत बहुधा कृषी सेवा केंद्रातून उधारीवर येते. पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी करावी लागते. खर्च दुप्पट होतो, उत्पन्न मात्र एकदाच. दसरा-दिवाळीला कापूस घरात येऊ लागतो आणि सारे घेणेकरी एकाच वेळी दारात उभे राहतात. भाव पडलेला असला तरी थांबण्याची ऐपत नसते. बँकेचे खाते थकीत झाले की पुढील हंगामाचे पीककर्ज मिळत नाही. मग सावकाराची पायरी चढावी लागते. आकाश, बाजार आणि व्याज यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हाती नसते. अपयशाचा दोष मात्र संपूर्ण त्याच्या माथी येतो.

या चिंतेचा बुद्धीवरही परिणाम होतो. तामिळनाडूतील 464 ऊस उत्पादकांचा एक अभ्यास 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी उसाच्या तोडणीपूर्वी, म्हणजे हात तंग असताना, घेतली आणि तोडणीनंतर पैसा हाती आल्यावर पुन्हा घेतली. तोडणीपूर्वीचे गुण स्पष्टपणे कमी होते. माणूस तोच, मेंदूही तोच; बदलली होती केवळ आर्थिक स्थिती. विवंचनेत घेतलेल्या चुकीच्या निर्णयांवरून शेतकऱ्याला अडाणी ठरवण्यापूर्वी हे स्मरणात ठेवावे.

आता समाजाकडे वळू. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला शासन एक लाख रुपयांचे साहाय्य देते. त्यासाठी शेतजमीन, मान्यताप्राप्त संस्थेचे कर्ज आणि थकबाकी हे सिद्ध करावे लागते. त्यावरून प्रकरण 'पात्र' अथवा 'अपात्र' ठरते. काही वर्षांपूर्वी मी अशा एका घरी गेलो होतो. जमीन सासऱ्यांच्या नावे, कर्ज सावकाराचे. ती भगिनी शांतपणे म्हणाली, "भाऊ, माणूस गेला हे खरं, पण कागदावर तो शेतकरीच नव्हता म्हणतात." तिच्या दुःखाला कागदाने नाकारले होते. पतीचे देणे मात्र आता तिच्याकडून मागितले जात होते. मजुराच्या विधवेजवळ तर दाखवायला सातबाराच नसतो. तिच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार कोणत्या रकान्यात करायचा?

मग उपाय काय? समुपदेशन व्यर्थ आहे असे मी मुळीच म्हणत नाही. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' हा प्रकल्प राबवण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नैराश्याविषयी बोलणे सुरू केले. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. मदत दारापर्यंत आली तर माणूस ती स्वीकारतो. दुसरीकडे, इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख साहाय्य देणारी योजना जेथे लागू झाली, तेथे आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 18 टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. तेथे कोणी उपदेश केला नव्हता; घरात केवळ थोडे स्थैर्य आले होते. म्हणून औषध आणि अर्थरचना या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागेल. वेळेवर पीककर्ज, नुकसानीची तत्पर भरपाई आणि सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव हीसुद्धा मानसिक आरोग्याचीच कामे आहेत.

आपला कायदाही बदलला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिची काळजी घेणे आणि पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. कायदा जे मानतो, ते गावाने आणि आप्तांनी मानायला अजून अवकाश आहे.

शेवटी कार्यकर्त्यांना एक विनंती. दुर्घटनेनंतर सांत्वनासाठी आपण सगळेच जातो. त्याऐवजी दुबार पेरणीच्या वेळी जा, वसुलीची नोटीस येते तेव्हा जा. जो पारावर यायचा थांबला, ज्याने लग्नकार्याला जाणे सोडले, त्याच्या ओसरीवर बसा. उपदेश करू नका, ऐका. बँकेत त्याच्यासोबत जा, डॉक्टरांकडेही जा. 14416 या क्रमांकावर 'टेली मानस' ही शासनाची विनामूल्य सेवा उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. शहरातील कुटुंबांनीही गावाकडील भावाला केवळ हिस्सा विचारण्यासाठी दूरध्वनी करू नये. तो जेवला का, झोपला का, हेही विचारावे.

त्याच्या माथ्यावरचे ओझे एकट्याचे नव्हते. ते उतरवण्याचे दायित्वही एकट्याचे असू शकत नाही.