मैदान सोडावे केव्हा?



माळेगावच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वय झालेला मल्ल लंगोट उतरवतो आणि तालमीत पोरांना डाव शिकवू लागतो. त्याला जायला जागा असते. नामांकित खेळाडूचे तसे नसते.

सुनील गावसकर यांनी मार्च १९८७ मध्ये बंगलोरच्या फिरत्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध ९६ धावा काढल्या आणि सदतिसाव्या वर्षी कसोटी क्रिकेट सोडले. सचिन तेंडुलकर यांचे शेवटचे कसोटी शतक जानेवारी २०११ मधले, केपटाऊनचे. निवृत्ती मात्र नोव्हेंबर २०१३ मध्ये. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण १९८९ मध्ये, सोळाव्या वर्षी जो कसोटीत उतरला, त्याने मैदान सोडून जावे तरी कोठे? गावसकरांच्या हाती लेखणी होती. 'सनी डेज' हे त्यांचे पुस्तक १९७६ मध्येच निघाले होते. माझ्या मते हा फरक लहान नाही.

आपल्या नांदेड-लातूरच्या मुलांवर तर ही वेळ दहावी-बारावीतच येते. अभ्यासासाठी एका दिवसात बॅट काढून घेणारे पालक मी पाहिले आहेत. निदान एक सामना शेवटचा म्हणून त्याला खेळू द्या. वानखेडेवर तेंडुलकरही शेवटी ७४ वर बाद झाले होते.